एसप्राइट: थर रचायला उत्तम, फाइल बाहेर काढताना डोकं लावावं लागतं

पिक्सेल आर्ट, म्हणजे एकेका ठिपक्याने काढायची चित्रं, करणाऱ्यांच्या घोळक्यात ‘कशात बनवलंस?’ असं विचारलं, तर दहातल्या बहुतेकांचं उत्तर एसप्राइट हेच येतं. डेव्हिड कापेलो यांनी २००१ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्रॅम आज इगारा स्टुडिओच्या नावाने विकला जातो. किंमत १९.९९ डॉलर, एकदाच भरायची. महिन्याचं भाडं नाही, वर्षाचं नूतनीकरण नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपलाही जड जात नाही.

चित्र काढण्याच्या बाजूने या प्रोग्रॅमबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही आणि त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. या परीक्षणाचा भर त्यानंतरच्या कामावर आहे: अनेक थर एकत्र बसवून एक हलतं दृश्य तयार करणं आणि ते जीआयएफ, स्प्राइट शीट (सगळ्या फ्रेम्स मांडलेलं एकच चित्र) किंवा व्हिडिओ म्हणून बाहेर काढणं. इथेच नवे लोक अडकतात. चूक दिसते एक्स्पोर्टच्या, म्हणजे फाइल बाहेर काढण्याच्या वेळी, पण ती झालेली असते पहिला लेयर (थर) उघडताना. फाइल शेवटी कुठे जाणार हे आधी ठरवलं, तर एसप्राइट पैसे वसूल करून देतो. नाही ठरवलं, तर शेवटच्या रात्री सगळं पुन्हा करावं लागतं.

समजा, पावसातली चहाची टपरी करायची आहे. मागे अंधारा रस्ता, मध्ये टपरी, पातेल्यातून निघणारी वाफ, वर लुकलुकणारा बल्ब, त्याचा खाली पडलेला उजेड आणि सगळ्यांच्या पुढे पाऊस. कॅनव्हास ३२० बाय १८०. हा आकार उगाच घेतलेला नाही: सहापट केला की बरोबर १९२० बाय १०८० होतो. पिक्सेल आर्ट फक्त पूर्णांकाच्या पटीतच मोठी करायची. ३५० बाय २०० असा मनाला येईल तो आकार घेतला की पूर्ण एचडी पडद्यावर बसवताना ५.४ पट करावी लागते. मग काही पिक्सेल पाच ठिपक्यांचे होतात, काही सहाचे, आणि सरळ रेषा दातेरी दिसायला लागते. ४८० बाय २७० चारपटीने बसतो, ३८४ बाय २१६ पाचपटीने. उभ्या रीलसाठी १८० बाय ३२० सहापट किंवा १३५ बाय २४० आठपट घ्यावा, दोन्हींतून १०८० बाय १९२० मिळतो. चौकोनी पोस्टला १८० बाय १८०.

थरांचा हिशेब

एसप्राइटच्या टाइमलाइनमध्ये लेयर एकाखाली एक आणि फ्रेम्स डावीकडून उजवीकडे असतात. दोन्ही जिथे छेदतात त्या घराला सेल म्हणतात. फ्रेमचा कालावधी मिलिसेकंदांत द्यायचा, न दिल्यास १०० धरला जातो. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की कालावधी अख्ख्या फ्रेमचा असतो, एकेका लेयरचा नव्हे. पाऊस भराभर आणि वाफ सावकाश हवी असेल, तर वाफेचं एकच चित्र दोन-दोन फ्रेम्सवर ठेवावं लागतं. दोन लेयर स्वतंत्र वेगाने गोल फिरत ठेवायची सोय इथे नाही.

त्यामुळे थरांची चक्रं जुळवायला लसावि काढावा लागतो, अगदी शाळेतला. पाऊस ४ फ्रेम्सचा, वाफ ६ फ्रेम्सची, बल्बची लुकलुक ८ फ्रेम्सची धरली तर सगळं मिळून २४ फ्रेम्सवर पुन्हा मुळाशी येतं: पाऊस सहा वेळा, वाफ चार वेळा, बल्ब तीन वेळा. १०० मिलिसेकंदांनी २.४ सेकंदांचा तुकडा झाला. आता तेच पाऊस ५, वाफ ७ आणि बल्ब ८ घेऊन बघा: २८० फ्रेम्स. कागदावर आकडे लिहून मगच काढायला बसावं.

पुनरावृत्ती करताना सेल नुसते कॉपी-पेस्ट करू नयेत, लिंक करावेत. लिंक केलेल्या सेलमध्ये एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे उमटतो; वाफेच्या तिसऱ्या चित्रातला एक पिक्सेल खुपला तर तो चार ठिकाणी जाऊन पुसावा लागत नाही. मागच्या रस्त्यासारख्या न हलणाऱ्या लेयरसाठी टाइमलाइनमध्येच ‘कंटिन्युअस’चं छोटं चिन्ह आहे. ते दाबून ठेवलं की आल्ट-एनने वाढवलेल्या प्रत्येक नव्या फ्रेममध्ये तो लेयर आपोआप लिंक होऊन येतो.

पावसाची एक खाच आहे. चार फ्रेम्सनंतर थेंब मूळ जागी परतलेच पाहिजेत, नाहीतर दर चौथ्या फ्रेमला झटका बसतो. म्हणून नक्षी अशी काढायची की ती उभ्या दिशेने दर ६० पिक्सेलनंतर आणि आडव्या दिशेने दर १६ पिक्सेलनंतर तशीच परत येईल. मग प्रत्येक फ्रेमला ती १५ पिक्सेल खाली आणि ४ पिक्सेल बाजूला सरकवायची; चार सरकवण्यांत ६० आणि १६ पूर्ण होतात. १८० ला ६० ने आणि ३२० ला १६ ने भाग जातो, त्यामुळे कडेला शिवण दिसत नाही. सरकवायचं काम एडिट मेनूतल्या शिफ्टने करावं. त्याने एका कडेबाहेर गेलेले पिक्सेल दुसऱ्या कडेने आत येतात. मूव्ह टूलने ओढलं तर नुसती रिकामी पट्टी उरते.

वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा, त्या मिश्रणाच्या पद्धती भरपूर आहेत: मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले, ॲडिशन, सॉफ्ट लाइट वगैरे नेहमीची सगळी मंडळी. लेयरला आणि प्रत्येक सेललाही ० ते २५५ अशी स्वतंत्र अपारदर्शकता देता येते. बल्बच्या उजेडाचा लेयर ॲडिशनवर (खालच्या रंगात भर घालून उजळवणारी पद्धत) टाकून आठ सेलची अपारदर्शकता वरखाली केली, की एकही नवं चित्र न काढता लुकलुक तयार. या कामापुरती फाइलची रंगपद्धत आरजीबीच (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) ठेवावी. इंडेक्स्ड पद्धतीत प्रत्येक पिक्सेल म्हणजे पॅलेटमधला, ठरवलेल्या रंगांच्या यादीतला, एक क्रमांक असतो, आणि दोन क्रमांकांच्या मधला अर्धा रंग पॅलेटमध्ये असेलच असं नाही.

मिश्रणाच्या या सुखाची किंमत मात्र मोजावी लागते. नेटकं १६ रंगांचं पॅलेट घेऊन सुरुवात केलीत. उजेडाच्या लेयरमध्ये तीन पायऱ्या आहेत: मध्ये प्रखर, मग मध्यम, कडेला मंद. उजेडाबाहेरचे १६ रंग तसेच राहतात आणि प्रत्येक पायरीत त्यांचे नवे १६ होऊ शकतात, म्हणजे ६४. त्यावर एकाच पांढऱ्या रंगाची वाफ तीन वेगवेगळ्या अपारदर्शकतांत आली, की ६४ चे चौपट, २५६ पर्यंत. वरून अर्धपारदर्शक पाऊस टाकला की आकडा आणखी दुप्पट. हे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्षात सगळे जुळून येत नाहीत. पण १६ रंगांची शिस्त कुठल्या कुठे गेली आणि जीआयएफची २५६ ची मर्यादा केव्हा ओलांडली ते पडद्यावर कळत नाही. पिक्सेल आर्टमध्ये मुरलेले लोक उजेडाच्या पायऱ्या मिश्रणाऐवजी हातानेच काढतात, त्यामागे हेही कारण आहे. मध्यम मार्ग असा: ॲडिशन लावून रंग कसे दिसतात ते बघायचं, आयड्रॉपरने त्यातले चार-पाच उचलून पॅलेटमध्ये घालायचे, मग मिश्रणाचा लेयर बंद करून त्या रंगांनी साध्या लेयरवर उजेड काढायचा. वेळ जास्त लागतो, पण चित्र घट्ट दिसतं.

नसलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. लेयर मास्क (थराचा भाग न पुसता झाकण्याची सोय) नाही, क्लिपिंग नाही, ॲडजस्टमेंट लेयर नाही. दोन चित्रांमधल्या हालचाली प्रोग्रॅमने भरून द्याव्यात अशी सोयही नाही. आवाजाचा ट्रॅक नाही. आफ्टर इफेक्ट्ससारख्या व्हिडिओच्या प्रोग्रॅममधून येणाऱ्या माणसाला हे अर्धवट वाटेल. ३२ बाय ४८ च्या पात्रासाठी यातलं काहीच लागत नाही. पण टपरीसारखं अख्खं दृश्य रचायचं तर बल्बचा उजेड टपरीच्या छपराबाहेर सांडू नये म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये निवड करून पुसत बसावं लागतं. १.३ आवृत्तीत सेलला झेड-इंडेक्स आला, तो मात्र खरा उपयोगी पडतो. चालणाऱ्या माणसाचा हात अर्ध्या फ्रेम्समध्ये अंगापुढे आणि अर्ध्यांत अंगामागे जातो. पूर्वी त्यासाठी हाताचे दोन लेयर करावे लागत, आता त्या सेलचा क्रम तेवढ्यापुरता बदलता येतो.

जीआयएफ

जीआयएफ हे १९८७ चं स्वरूप आहे आणि त्याच्या मर्यादा एसप्राइटच्या हातात नाहीत. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग. पारदर्शकता असेल नाहीतर नसेल, अर्धी नाही. पात्राखालची ४० टक्क्यांची मऊ सावली जीआयएफमध्ये एकतर ठोस होते किंवा गायब. उपाय दोन: मागे ठोस पार्श्वभूमी ठेवून सावली तिच्यात मिसळू देणं, किंवा सावली एकाआड एक ठिपक्यांच्या जाळीने काढणं. दुसरा उपाय जुन्या गेम कन्सोलांवरचा आहे आणि अजून छान दिसतो.

वेळेचीही गंमत आहे. जीआयएफमध्ये फ्रेमचा कालावधी सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिला जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या पटीत. सेकंदाला १२ फ्रेम्स हव्यात म्हणून एसप्राइटमध्ये ८३ टाकलं, तरी फाइलमध्ये ८० जातं आणि वेग १२.५ होतो. सेकंदाला ६० फ्रेम्स जीआयएफमध्ये शक्यच नाहीत. आणि १० मिलिसेकंद टाकून धूर्तपणा करायला गेलात तर ब्राउझर तो आकडा फेकून देऊन १०० धरतात, सगळं दहापट संथ होतं. सर्वांत वेगवान भरवशाचा आकडा २०. टपरीसाठी १०० ठेवलं आहे तेच बरं.

बाहेर काढायची रीत अशी. मूळ फाइल हात न लावता जपून ठेवायची. स्प्राइट मेनूतून डुप्लिकेट करायचं आणि तिथे ‘मर्ज्ड लेयर्स’च्या चौकोनात टिक करायची, सगळे थर एकजीव झालेली प्रत मिळते. त्या प्रतीत पॅलेटच्या मेनूतून चालू चित्रावरून नवं पॅलेट बनवून घ्यायचं आणि ते डोळ्यांखालून घालायचं. जवळजवळ सारखे दिसणारे चार करडे असतील तर तिथेच छाटावेत. मग स्प्राइट मेनूतून रंगपद्धत इंडेक्स्ड करायची. डिदरिंगचा (नसलेला रंग ठिपक्यांच्या नक्षीने भासवण्याचा) प्रश्न येतो तेव्हा ‘नाही’ किंवा ‘ऑर्डर्ड’ निवडायचं. फ्लॉइड-स्टाइनबर्ग एका स्थिर चित्रात देखणं दिसतं, पण त्यात एका पिक्सेलची चूक शेजारच्यांवर ढकलली जाते. पावसाचा एक थेंब हलला की त्याच्या पुढची सगळी ठिपक्यांची नक्षी बदलते, आणि जो रस्ता स्थिर असायला हवा तो मुंग्या फिरल्यासारखा वळवळतो. ऑर्डर्डची जाळी कॅनव्हासला चिकटलेली असते, ती जागची हलत नाही.

शेवटी फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टमधून ‘एक्स्पोर्ट ॲज’, रीसाइज ३०० टक्के, नावापुढे जीआयएफचं शेपूट. त्याच खिडकीत कोणते लेयर, कोणत्या फ्रेम्स किंवा कोणता टॅग (फ्रेम्सच्या गटाला दिलेलं नाव) हेही निवडता येतं. ‘व्हिजिबल लेयर्स’ असं असेल तर डोळ्याचं चिन्ह बंद करून लपवलेला लेयर येणार नाही. ‘पाऊस दिसतच नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. ६०० टक्क्यांची जीआयएफ काढू नये. पाऊस दर फ्रेमला अख्खा पडदा बदलतो, त्यामुळे मागच्या फ्रेममधलं काही वाचवता येत नाही आणि फाइल फुगते.

आरजीबीतून थेट जीआयएफ काढली तर काय बिघडतं? २५६ रंगांच्या आत असाल तर काही नाही. पुढे गेलात तर रंगांची छाटणी प्रोग्रॅम स्वतः करतो आणि कोणता करडा कशात विलीन झाला त्यावर तुमचा ताबा राहत नाही. वरची दोन मिनिटं खर्च केलेली परवडतात.

अर्धी पारदर्शकता हवीच असेल तर जीआयएफऐवजी वेबपी हे चित्रस्वरूप घ्या. एसप्राइट ते ॲनिमेशनसह काढतो, आठ बिटांची पारदर्शकता टिकते आणि वेळही मिलिसेकंदांत राहते. पर्यायांत ‘लॉसलेस’च निवडावं, लॉसी वेबपी पिक्सेलच्या कडा मळवून टाकतं.

मराठी मजकूर टाकणाऱ्यांसाठी एक सूचना. मजकूर घालताना अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) बंद ठेवा, नाहीतर अक्षरांच्या कडेला अर्धपारदर्शक पिक्सेल येतात आणि जीआयएफमध्ये अक्षरं कुरतडल्यासारखी दिसतात. त्यातही देवनागरीला आठ पिक्सेलांची उंची पुरत नाही: शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, रफार वेगळाच. पाटीवरचं ‘चहा’ हाताने काढलेलं नेहमी बरं दिसतं.

स्प्राइट शीट

गेमसाठी काम करणाऱ्यांना एसप्राइट घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कंट्रोल-ई दाबल्यावर उघडणाऱ्या स्प्राइट शीटच्या खिडकीमुळे. आडवी पट्टी, उभी पट्टी, ओळींनी, रकान्यांनी किंवा पॅक केलेली अशी मांडणी निवडता येते, आणि सोबत जेसन फाइल, म्हणजे गेमच्या कोडला वाचता येणारी नोंदींची फाइल, निघते. त्यात प्रत्येक फ्रेमचा शीटवरचा चौकोन, मिलिसेकंदांतला कालावधी, आणि ‘टॅग्ज’वर टिक असेल तर प्रत्येक टॅगचं नाव, पहिली-शेवटची फ्रेम आणि दिशा असते. ‘चाल’, ‘उडी’, ‘उभा’ असे टॅग टाइमलाइनवर लावून ठेवले की गेमच्या कोडमध्ये फ्रेम्सचे आकडे टंकत बसायला नको. मात्र पिंग-पाँग दिशेच्या टॅगमधल्या फ्रेम्स शीटवर एकदाच येतात. उलटं परत फिरवायचं काम गेमने करायचं असतं. तिकडे ते लिहिलेलं नसलं की पात्र शेवटच्या फ्रेमवरून टुणकन पहिल्यावर येतं.

सवयीने आडवी पट्टी निवडू नका. ३२ पिक्सेल रुंदीच्या आठ फ्रेम्सना ती ठीक आहे, २५६ रुंदी होते. आपली टपरी तशी काढली तर २४ गुणिले ३२० म्हणजे ७६८० पिक्सेल; जुन्या फोनांचे ग्राफिक्स चिप ४०९६ च्या पुढचं टेक्स्चर (गेममध्ये वापरायचं चित्र) घेत नाहीत. ओळींची मांडणी घेऊन सहा रकाने ठरवले की १९२० बाय ७२० मध्ये काम भागतं.

बॉर्डर्सच्या भागात दोन गोष्टी बघायच्या. एक, स्पेसिंग. फ्रेम्स एकमेकींना चिकटून असल्या की गेममध्ये कॅमेरा हलताना शेजारच्या फ्रेमचा एक पिक्सेल कडेला चमकून जातो. स्पेसिंग २ ठेवा. जमिनीच्या टाइल्स असतील तर नुसतं स्पेसिंग पुरत नाही, फटीतून पारदर्शक रेष दिसते. तिथे एक्स्ट्रूडवर टिक करा, म्हणजे कडेचेच पिक्सेल बाहेर एक घर वाढवले जातात. दुसरी गोष्ट ट्रिम. ‘ट्रिम सेल्स’ने प्रत्येक फ्रेमभोवतीची रिकामी जागा कापली जाते आणि शीट लहान होते. किती कापलं ते जेसनमध्ये लिहिलेलं असतं, पण गेमचं कोड ते वाचत नसेल तर पात्र प्रत्येक पावलाला थरथरतं, कारण हात पुढे गेलेली फ्रेम रुंद आणि जवळ आलेली अरुंद. शंका असेल तर ट्रिम करूच नये. जागा वाचवायला ‘मर्ज डुप्लिकेट्स’ वापरावं. त्यात हुबेहूब सारख्या फ्रेम्सचं चित्र एकदाच छापलं जातं आणि जेसनमध्ये नोंदी मात्र सगळ्या राहतात.

जेसनचे दोन प्रकार आहेत, हॅश आणि ॲरे. ॲरे म्हणजे क्रमाने लावलेली यादी, तर हॅशमध्ये फ्रेमचं नाव हीच नोंद शोधायची किल्ली. नावाच्या साच्यातून कुणी ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून फ्रेमचा क्रमांक काढून टाकला की सगळ्या नोंदींची किल्ली एकच होते आणि वाचणाऱ्याच्या हाती शेवटची तेवढी उरते. तुमचं गेम इंजिन दोन्ही वाचत असेल तर ॲरे घ्या.

थर वेगळे काढायची सोय ‘स्प्लिट लेयर्स’मध्ये आहे: कपडे, शस्त्रं बदलता येणाऱ्या पात्रांसाठी बहुमोल. पण मिश्रणाची पद्धत पीएनजीत जात नाही. ॲडिशनवरचा उजेड वेगळा काढला की तो साधा पिवळसर डाग होऊन येतो आणि गेममध्ये त्याला पुन्हा ॲडिटिव्ह मटेरियल लावावं लागतं. शिवाय युनिटी या गेम इंजिनमध्ये टेक्स्चरचं फिल्टर ‘पॉइंट’ आणि कॉम्प्रेशन बंद ठेवावं लागतं, गोडो या इंजिनमध्ये फिल्टर ‘निअरेस्ट’. हे राहून गेलं तर चित्र धुरकट दिसतं आणि शिव्या एसप्राइटला बसतात. युनिटी वापरणाऱ्यांनी शीटच्या भानगडीत न पडता एसप्राइटची मूळ फाइल थेट वाचणारं युनिटीचंच इंपोर्टर पॅकेज बघावं.

पात्रं वाढली की खिडकी उघडून बटणं दाबणं परवडत नाही. एसप्राइट कमांड लाइनवरून, म्हणजे टंकलेल्या आज्ञांनी, खिडकी न उघडता चालतो आणि हे फार कमी लोक वापरतात. बॅचचा स्विच, मग फाइलचं नाव, मग शीट आणि डेटा यांची नावं, एवढ्यावर काम होतं. क्रमाला मात्र महत्त्व आहे, कारण सूचना डावीकडून उजवीकडे पाळल्या जातात: कोणता लेयर घ्यायचा हे फाइलच्या नावाआधी सांगायचं, आणि किती पट करायचं हे ‘सेव्ह ॲज’च्या आधी. उलटं लिहिलं तर एररही येत नाही, नुसती मूळ आकाराची फाइल निघते आणि माणूस डोकं खाजवत बसतो. बंद लेयरही हवे असतील तर ‘ऑल लेयर्स’चा स्विच फाइलच्या नावाआधी. गेमच्या बिल्डमध्ये ही एक ओळ बसवली की चित्रकाराने फाइल सेव्ह करायची, बाकी आपोआप.

व्हिडिओ

इथे एसप्राइट कमी पडतो. एमपी४ निघतच नाही, आणि आज बहुतेक कामं शेवटी इन्स्टाग्रामवर जातात, जिथे जीआयएफ पोस्ट करता येत नाही. वाट एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या, आज्ञा टंकून चालवायच्या प्रोग्रॅममधून जाते.

दोन रस्ते आहेत. पहिला पीएनजीच्या मालिकेचा: एक्स्पोर्ट करताना नावाच्या शेवटी ००१ लावायचं, म्हणजे पुढचे क्रमांक तीन आकडी निघतात आणि १० हा २ च्या आधी लागत नाही. पण पीएनजीत वेळ लिहिलेली नसते. एखादी फ्रेम मुद्दाम ४०० मिलिसेकंद थांबवली असेल तर ती बाकीच्यांसारखीच १०० ची होऊन जाते आणि ॲनिमेशनचा ठेका बिघडतो. सगळ्या फ्रेम्स सारख्या वेळेच्या असतील, जशा टपरीत आहेत, तरच हा रस्ता. दुसरा रस्ता जीआयएफवरून व्हिडिओ करण्याचा: वेळा टिकतात, पण २५६ रंगांची अट येते.

एफएफएमपेगला मोठं करायला सांगताना स्केल फिल्टरमध्ये ‘नेबर’ लिहायलाच हवं. न लिहिल्यास तो बायक्युबिक वापरतो आणि सगळं गुळगुळीत करून ठेवतो. पिक्सेलचा प्रकार वाययूव्ही४२०पी द्यायचा, नाहीतर पुष्कळ फोनांवर व्हिडिओ उघडणार नाही. या प्रकारात उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा साठवला जातो, रंग मात्र दोन बाय दोनच्या चौकटीला मिळून एकच. म्हणून मूळ आकारातच व्हिडिओ केला तर लाल शेजारच्या निळ्यात सांडतो. व्हिडिओसाठी मोठं करायची पट सम असावी, तेही याच कारणाने: सहापट केलेला एक पिक्सेल सहा बाय सहाचा, त्यात दोन बाय दोनच्या चौकटी बरोबर मावतात. पाचपटीत चौकट दोन पिक्सेलांच्या सीमेवर चढते आणि कडेला गढूळ रेघ उमटते. रुंदी आणि उंचीही सम हवी, नाहीतर एमपी४साठी वापरला जाणारा एच२६४ एन्कोडर काम करायलाच नकार देतो.

२.४ सेकंदांचा तुकडा पोस्ट म्हणून तोकडा पडतो. तयार एमपी४ पुन्हा एफएफएमपेगला देऊन ‘स्ट्रीम लूप’ ४ सांगितलं की मूळचा एक आणि वरचे चार मिळून १२ सेकंद होतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असलं तरी एमपी४च तयार ठेवा, कारण तिथे जीआयएफचाही व्हिडिओच होतो आणि पारदर्शक भागाचं काय होईल ते आपल्या हातात राहत नाही.

घ्यावा का, आणि फुकट काही?

चाचणी आवृत्ती फुकट मिळते, पण तिच्यात सेव्ह होत नाही. टाइमलाइन हाताला कशी लागते ते बघण्यापुरती ती ठीक. मूळ कोड उघडा आहे. सीमेक आणि निंजा ही बांधणीची साधनं आणि स्किया लायब्ररी जमवून त्यातून प्रोग्रॅम स्वतः बनवून घेतला तर पैसे न देता कायदेशीरपणे स्वतःसाठी वापरता येतो. बनवलेला प्रोग्रॅम दुसऱ्यांना वाटता मात्र येत नाही. कोड उतरवताना उप-प्रकल्पांसकट उतरवावा, नाहीतर बांधणी अर्ध्यात मोडते. प्रोग्रॅमिंगची सवय नसलेल्याने या वाटेला जाऊ नये, त्यात जाणाऱ्या वेळेची किंमत १९.९९ डॉलरहून जास्त होईल.

२०१६ मध्ये परवाना बदलण्याआधीचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली होता, त्यातून लिबरस्प्राइट हा मुक्त फाटा निघाला. तो फुकट आहे, पण त्यानंतर एसप्राइटमध्ये आलेल्या टाइलमॅपसारख्या (छोटे चौकोन जोडून दृश्य रचण्याच्या) गोष्टी त्यात मिळतील असं धरू नये. शाळकरी मुलाला सुरुवात करून द्यायला ब्राउझरमध्ये चालणारं पिस्केल पुरे.

खरा प्रतिस्पर्धी पिक्सेलोरामा. गोडो इंजिनमध्ये बनवलेला, पूर्ण मुक्त, ब्राउझरमध्येही चालतो, आणि एसप्राइटला न जमणाऱ्या दोन गोष्टी करतो: एपीएनजी (हलतं पीएनजी) काढतो, आणि संगणकावर एफएफएमपेग असेल तर व्हिडिओही. मुख्यतः दृश्यं करून सोशल मीडियावर टाकणाऱ्याने पैसे खर्च करण्याआधी तो आठवडाभर वापरून बघावा. गेमसाठी पात्रं काढणाऱ्याला मात्र शीटची खिडकी, टॅग आणि कमांड लाइन यांच्यासाठी एसप्राइटच घ्यायला सांगू. स्टीमवर घेतला तर किंमत रुपयांत दिसते. मोठ्या सवलतींच्या दिवसांत तीही खाली येते, घाई नसेल तर तेव्हा घ्यावा.